गावात बनवलेली ट्रॉली: पासिंग, ब्रेक आणि बदलत जाणारे नियम (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

दसरा जवळ आला, साखर कारखान्यांच्या मोळ्या पडायला (म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायला) लागल्या की हेच प्रश्न सगळीकडून यायला लागतात. कुणी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली बनवून घेतलेली असते, कुणी जुनी उचललेली असते, कुणाला नाक्यावर अडवलेलं असतं. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून काढलंय. उत्तरं महाराष्ट्रातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपुरती आहेत, ट्रकच्या मोठ्या ट्रेलरची भानगड वेगळी, ती इथे नको.

ट्रॅक्टरला नंबर आहे ना, मग ट्रॉलीला वेगळं पासिंग (आरटीओत नोंदणी) कशाला?

कारण मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाची जी व्याख्या दिलीय (कलम २, पोटकलम २८) त्यात ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, धरलेला आहे. इंजिन नसलं तरी. मग कलम ३९ आपोआप लागू, म्हणजे नोंदणी नसेल तर रस्त्यावर आणायचं नाही. आणि कुणाला अजून शंका राहू नये म्हणून कलम ६१ मध्ये परत सांगितलंय की इतर गाड्यांना नोंदणीचे जे नियम तेच ट्रेलरला. त्याच कलमात नंबरचंही आहे, ट्रॉलीचा स्वतःचा नंबर ट्रॉलीच्या बाजूला दिसला पाहिजे आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर, दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे. आपल्याकडे बहुतेक ट्रॉल्यांवर एकतर नुसता ट्रॅक्टरचा नंबर रंगवलेला असतो नाहीतर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' एवढंच असतं.

बिगरनोंदणी गाडीचा दंड पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, दुसऱ्यांदा ५,००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात जागेवर तडजोड करून भरायचे नवे दर डिसेंबर २०२१ पासून आले, त्यामुळे ज्यांच्या डोक्यात अजून जुन्या शे-दोनशे रुपयांच्या पावत्या आहेत त्यांनी त्या विसरलेल्या बऱ्या.

गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या ट्रॉलीचं पासिंग होतं का?

होतं, पण त्या वर्कशॉपकडे मंजूर डिझाइन असेल तर. सगळी गाडी इथेच अडते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४७ बघा, नवीन गाडी नोंदवताना काय काय कागद द्यायचे ते त्यात दिलंय. फॉर्म २० मध्ये अर्ज, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं बनवणाऱ्याने दिलेलं सर्टिफिकेट (बॉडी दुसऱ्याने बांधली असेल तर २२-अ), विमा, पत्त्याचा पुरावा, फी. हे सगळ्या गाड्यांना. पण ट्रेलर आणि सेमी-ट्रेलरसाठी त्यात एक जादा कागद आहे, तो म्हणजे राज्य परिवहन प्राधिकरणाने किंवा परिवहन आयुक्तांनी डिझाइन मंजूर केल्याची प्रत. हा कागद ट्रॉली मालकाला मिळत नाही, तो बनवणाऱ्याच्या नावावर असतो, त्याच्या त्या ठरावीक डिझाइनसाठी. इतकी लांबी, इतकी रुंदी, अमुक एक्सल, अमुक टायर, इतके टन. तुमची ट्रॉली त्या नकाशासारखी असली पाहिजे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी कागद मग वेल्डिंग. लोक नेमकं उलटं करतात, भंगारातून ट्रकचा एक्सल आणतात, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणतात, चॅनेल आणतात, वेल्डरला 'पाव्हणं, मजबूत बनवा' म्हणतात, रंग देतात, लिंबू-मिरची बांधतात, आणि मग विचारतात पासिंगचं काय. अशा ट्रॉलीला फॉर्म २१ कोण देणार? फॉर्म २२ वर सही कोण करणार? ज्याने बनवली त्याला सही करायचा अधिकारच नाही. ट्रॉली एकदम दणकट असेल, कंपनीच्या ट्रॉलीपेक्षा भारी असेल, तरी नाही.

मग एखाद्या मंजुरीवाल्या वर्कशॉपकडून फक्त कागद विकत घेतले तर?

हे चालतं असं बरेच जण सांगतील. चालतं म्हणजे अपघात होईपर्यंत चालतं. कागदावर लिहिलेला एक्सल वेगळा, प्रत्यक्षातला वेगळा, चेसी नंबर नंतर पंच केलेला, आणि काही झालं की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं मोजमाप घेतो. शिवाय २०१९ पासून कलम १८२-अ आहे, नियमात न बसणारी गाडी विकणाऱ्या उत्पादकाला वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे शहाणा वर्कशॉपवाला आता असे कागद देत नाही आणि जो देतो त्याच्याकडून ट्रॉली तर राहू द्या, नांगराचा फाळ पण घेऊ नका.

एका नंबरवर दोन-दोन ट्रॉल्या फिरवणं हा याचाच भाऊ. एक पकडली की दुसरीचं पण विचारतात.

मंजुरी आहे की नाही हे कसं ओळखायचं?

ॲडव्हान्स द्यायच्या आधी मागा. मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स आणि सोबतचा नकाशा. पत्रावर वर्कशॉपचं नाव, मॉडेल, क्षमता असते. तारीख बघा, तुमच्या साइजची ट्रॉली त्यात आहे का बघा (तीन टनाची मंजुरी दाखवून पाच टनाची ट्रॉली देणारे आहेत), आणि त्या वर्कशॉपची नुकतीच पास झालेली एखादी ट्रॉली आसपास कुणाकडे असेल तर तिची आरसी (नोंदणीचा दाखला) बघून घ्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यात उपयोगी, कारण नियम मध्येच बदलतात आणि मागच्या वर्षी पास झालेलं डिझाइन यंदा आरटीओत अडकू शकतं.

नियम सारखे का बदलतात? आमच्या वडिलांच्या वेळी तर एवढं काही नव्हतं.

वडिलांच्या वेळी ट्रॅक्टर पस्तीस एचपीचा होता आणि ट्रॉली बैलगाडीची मोठी बहीण होती. आता पन्नास-पंचावन्न एचपी, दोन ट्रॉल्या, वर दहा फूट ऊस, आणि चौपदरी हायवे.

नियमाच्या बाजूने काय झालं तर गाड्या आणि ट्रॅक्टर यांचे नमुने सरकारने ठरवलेल्या संस्थांकडे तपासून घ्यायची पद्धत आहे, नियम १२६. त्यातल्या तीन तर आपल्याच राज्यात, पुण्यात एआरएआय, भोसरीला सीआयआरटी आणि अहिल्यानगरला व्हीआरडीई. ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र आहे. ट्रेलरचं गाडं मात्र वर्षानुवर्षं राज्याच्या डिझाइन मंजुरीवर चालायचं, आणि हळूहळू तेही तपासणीच्या दिशेने ढकललं जातंय. छोट्या वर्कशॉपवाल्याला तपासणीचा खर्च परवडत नाही, तो कुरकुरतो, आणि त्याचं काही चूक नाही, वर्षाला मोजक्या ट्रॉल्या बनवणाऱ्याने काय काय करायचं. पण रात्री अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीत घुसून मेलेल्या मोटारसायकलवाल्याच्या घरी जाऊन हे कुणी सांगू शकणार नाही.

दुसरे बदल म्हणजे दंडाचे (वर सांगितलं), नंबर प्लेटचे आणि जीएसटीचे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट, ट्रॅक्टरला दर दुचाकीएवढाच ४५० रुपये अधिक जीएसटी, मुदत २०२५ मध्ये परत परत वाढत गेली. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवर १२ वरून ५ टक्के झाला, आणि शेतीच्या कामाची जी ट्रॉली स्वतः माल उतरवते, म्हणजे आपली डंपिंग, तिच्यावरही. त्यामुळे बिल घेताना कुठल्या कोडखाली कर लावलाय ते बघा, आणि पक्कं बिल घ्याच, फॉर्म २१ त्याच्याशी जुळावा लागतो.

शेतीची ट्रॉली आणि धंद्याची ट्रॉली, फरक काय?

नियमात 'शेती ट्रेलर'ची व्याख्या आहे. साधारणपणे उघडा, एक किंवा दोन एक्सलचा, ट्रॅक्टरला दोन हुकांनी जोडलेला, आणि मुख्यतः शेतमाल वाहण्यासाठी. शेतीचा ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्ट धरतात, म्हणजे पांढरी प्लेट, दरवर्षी फिटनेसची कटकट नाही, नोंदणी १५ वर्षं आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

आता त्याच ट्रॉलीतून वाळू, विटा, मुरूम, खडी भाड्याने ओढायला लागलात की ती शेती उरत नाही. तिथे पिवळी प्लेट, फिटनेस (नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं, नंतर दरवर्षी), कर, सगळं वेगळं. लोक म्हणतात वर्षातून चार खेपा तर मारतो. खेपा किती हे कुणी विचारत नाही, पकडलं तेव्हा आत काय होतं एवढंच बघतात.

व्याख्येत 'उघडा' शब्द आहे हेही लक्षात असू द्या. ट्रॉलीवर पत्र्याची खोली उभी करून रसवंती टाकली किंवा मिरवणुकीसाठी डीजेचा लोखंडी सांगाडा उभा केला तर ती तुमच्या आरसीतली ट्रॉली उरत नाही.

पास झालेल्या ट्रॉलीत नंतर बदल केले तर चालतात का?

कलम ५२. आरसीत जे लिहिलंय ते बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करायचा नाही. फाळके (बाजूच्या भिंती) उंच करणं, लांबी वाढवणं, एक एक्सल वाढवून दोनचाकीची चारचाकी करणं, हे सगळं त्यात येतं. मालकाला दर बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गंजलेला बुडाचा पत्रा बदलला, पाटे बदलले, रंग दिला, याला कुणी काही म्हणत नाही.

उसासाठी बाजूला उभे पाइप घालतात ते तर सगळेच घालतात, पण ऊस बाजूला दोन-दोन हात बाहेर लोंबत असेल तर त्याला दंड आहे आणि तो लहान नाही, कलम १९४ मध्ये २०,००० लिहिलेत.

जुनी ट्रॉली घेतोय, कागद नाहीत. काय करू?

आधी विचारा 'कागद नाहीत' म्हणजे काय. हरवलेत की कधी नव्हतेच?

हरवले असतील तर सोपं आहे, मूळ मालकाने फॉर्म २६ भरून डुप्लिकेट आरसी काढायची, मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या नावावर, दुसऱ्या जिल्ह्याच्या आरटीओतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवणं. मूळ मालक वारला असेल तर वारसांची कागदपत्रं, वेळ लागतो पण होतं.

कधी नव्हतेच असं असेल तर ती ट्रॉली शेतात, गोठ्याजवळ, खळ्यावर वापरायची वस्तू आहे अशी समजूनच किंमत करा. कुणी 'मी करून देतो पासिंग, पंधरा हजार द्या' म्हणाला तर त्याला एकच विचारा, फॉर्म २१ कुणाच्या नावाने देणार. उत्तर आलं नाही की समजायचं.

ट्रॉलीचा विमा वेगळा लागतो?

ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे का, त्याचा नंबर लिहिलाय का, प्रीमियम भरलाय का, हे तिन्ही बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ट्रेलरच्या रकान्यात रेघ मारलेली असते आणि लोकांना दावा करायच्या वेळी ती रेघ पहिल्यांदा दिसते. थर्ड पार्टी विमा नसेल तर दंड पहिल्यांदा २,००० आणि नंतर ४,०००, पण खरा मार दंडाचा नाही, कोर्टाने ठरवलेली भरपाई खिशातून द्यावी लागते, तेव्हा जमीन विकायची वेळ येते. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या अटींचा मूळ भंग आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात सांगितलंय, तिथे तर गाडीचं तात्पुरतं पासिंग संपलेलं होतं एवढंच.

ट्रॅक्टरचं लायसन्स आहे, ट्रॉली जोडली तर वेगळं लागतं का?

या एका बाबतीत बातमी चांगली आहे. नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ट्रॅक्टर चालवायचं वैध लायसन्स असेल तर मागे ट्रेलर जोडला म्हणून ते लायसन्स बाद होत नाही. पुढे एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची वाहतुकीची गाडी चालवता येते का, हे भांडण बरीच वर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एलएमव्हीवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. पण लायसन्स पाहिजे! पुतण्या बारावीला आहे आणि 'मस्त चालवतो' हे लायसन्स नव्हे.

ब्रेकचं काय? ट्रॉलीला ब्रेक असायलाच पाहिजे का?

दोन स्वतंत्र ब्रेक, एक पायाचा आणि एक पार्किंगचा, हा जो सगळ्या गाड्यांना लागू असलेला नियम ९६ आहे त्यात ट्रेलर वगळलेला आहे. यावरून गावोगाव 'ट्रॉलीला ब्रेक लागत नाही' असा समज पसरला. पण तुमच्या ट्रॉलीला काय लागतं हे तिच्या मंजूर डिझाइनवर आहे. नकाशात ब्रेक दाखवलाय आणि वर्कशॉपवाल्याने पैसे वाचवायला काढून टाकला तर ती ट्रॉली नकाशाप्रमाणे नाही, इतकं सरळ. शिवाय राज्यांच्या नियमांत एक जुनी गोष्ट आहे, ड्रायव्हरला जागेवरून ट्रॉलीचा ब्रेक लावता येत नसेल तर तो लावायला ट्रॉलीवर माणूस पाहिजे. आता तो माणूस उसाच्या ढिगावर झोपलेला असतो, ते सोडा.

कायदा बाजूला ठेवून हिशोब करा. ट्रॅक्टर दोन टनाचा, मागच्या चाकांवर साधारण दीड टन वजन, आणि साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या ७० टक्के धरली तरी ब्रेकची ताकद जेमतेम एक टन. मागे भरलेली ट्रॉली दहा टन, एकूण बारा टन. ताशी २५ किमी वेगात ब्रेक मारला तर सपाट रस्त्यावर थांबायला अठ्ठावीस मीटरच्या आसपास लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे सात मीटर जातात ते वेगळे. वेग दुप्पट केला की थांबायचं अंतर चौपट.

आता हाच रस्ता बारा फुटाला एक फूट उतरत असेल तर? बारा टनाला तो उतार एक टनाने पुढे ढकलतो. म्हणजे ब्रेकची सगळी ताकद उतारानेच खाल्ली, थांबवायला हातात काही उरलं नाही. घाटात ट्रॅक्टर 'ब्रेक फेल' झाला असं पेपरात येतं त्यातले बरेच ब्रेक शाबूत असतात, ते पुरलेच नाहीत इतकंच. दोनचाकी ट्रॉली हुकावर थोडं वजन टाकते, त्याने मागच्या चाकांची पकड जरा वाढते, पण पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळ जातो.

तेवढ्याच बोज्यावर ट्रॉलीच्या चाकांना बऱ्यापैकी ब्रेक असेल तर तेच अंतर आठ-दहा मीटरवर येतं. ते अठ्ठावीस होते, आठवतंय ना.

मग कुठला ब्रेक बसवावा?

आपल्याकडे साधारण चार प्रकार दिसतात.

स्क्रूचा हँडब्रेक, चाक फिरवून आवळायचा. तो फक्त उभ्या ट्रॉलीसाठी. चालत्या ट्रॉलीला त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी वर्कशॉपवाला 'ब्रेकवाली ट्रॉली' म्हणून विकतो.

हायड्रॉलिक, म्हणजे ट्रॅक्टरचं पेडल दाबलं की ट्रेलर व्हॉल्व्हमधून ऑइलचा दाब ट्रॉलीच्या व्हील सिलिंडरला जातो. पाच-सहा टनी ट्रॉलीला हे पुरतं. पण ट्रॅक्टरच्या स्वतःच्या ब्रेक लाइनला टी मारून ट्रॉलीचा पाइप काढू नका, गावातले मेकॅनिक सर्रास करतात. ट्रॉलीचा पाइप काट्यात अडकून तुटला की ट्रॅक्टरचाही ब्रेक गेला. कंपनीचा व्हॉल्व्ह घ्या, महाग आहे, घ्या.

एअर ब्रेक, कॉम्प्रेसर आणि टाकी बसवून. कायम वाहतूक करणाऱ्यांनी आणि दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांनी हाच घ्यावा असं माझं मत. यात स्प्रिंगवाला चेंबर घेतला तर हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो, म्हणजे ट्रॉली सुटली तरी थांबते. टाकीतलं पाणी रोज सकाळी काढायचं, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात.

ओव्हररन, म्हणजे ट्रॉलीने मागून ढकललं की त्या ढकलण्यानेच ब्रेक लागतो. परदेशात छोट्या ट्रेलरला असतो. आपल्या दोन हुकांच्या जोडणीला आणि एवढ्या वजनाला तो जमत नाही, रिव्हर्स घेतानाही छळतो.

चारचाकी ट्रॉलीला शक्यतो दोन्ही एक्सलना ब्रेक. एकच परवडत असेल तर मागच्या. पुढचा एक्सल टर्नटेबलवर फिरतो, ब्रेक फक्त त्यालाच दिला तर मागचं वजन त्याला आडवं ढकलतं आणि ट्रॉली दुमडते.

जुन्या, पास झालेल्या ट्रॉलीला नंतर ब्रेक बसवायचा असेल तर आधी आरटीओत इन्स्पेक्टरला भेटून विचारून घ्या, बदलाची नोंद करायची का ते. सुरक्षिततेच्या कामाला सहसा कुणी आडवं येत नाही, पण तोंडी 'हो' वर राहू नका.

दोन ट्रॉल्या जोडतो, तेव्हा?

मागच्या ट्रॉलीपर्यंत ब्रेक पोचलाच पाहिजे, नाहीतर पुढची थांबते आणि मागची तिच्यावर चढते. दोन्ही ट्रॉल्यांना आपापला नंबर, आपापला विमा. पिनीला आर-क्लिप, आणि हुकाशिवाय जाड साखळी, ती ट्रॉलीच्या दांडीखालून क्रॉस करून, म्हणजे पिन निसटली तर दांडी रस्त्यावर न रुतता साखळीवर पडते. पिनेच्या जागी नट-बोल्ट किंवा गज घालणारे बघितलेत, त्यांना हात जोडून विनंती.

घाटात कसं उतरवायचं?

ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, आणि तो गिअर वरच टाकायचा, उतारावर बदलायचा नाही. क्लच दाबायचा नाही. न्यूट्रल तर मुळीच नाही, डिझेल वाचवायचे पाच-दहा रुपये होतात त्यात. डावं-उजवं ब्रेक पेडल लॅचने जोडलेलं आहे का बघा, शेतात वळायला सुटं केलेलं तसंच राहतं आणि रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. मध्ये थांबायची वेळ आली तर चाकाला उटी (अडसर म्हणून दगड किंवा ठोकळा) लावायची, आणि निघताना ती उटी उचलून न्यायची. रस्त्याच्या मधोमध दगड ठेवून निघून जाणाऱ्यांमुळे मागच्या मोटारसायकली पडतात.

रिफ्लेक्टर, लाइट?

मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. हंगाम सुरू होताना कारखान्याच्या यार्डात आरटीओ आणि पोलीस येऊन पट्ट्या लावून देतात, फोटो होतात, आणि पंधरा दिवसांत त्या चिखलाने झाकतात. ओलं फडकं ठेवा ट्रॅक्टरवर. उसाचे वाढे (शेंडे) मागून लोंबतात आणि रिफ्लेक्टर झाकतात, म्हणून एक रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसाच्या टोकालाच बांधा. टेललाइटची वायर जोडायला दोन मिनिटं लागतात. रात्री पंक्चर झालं तर ट्रॉली साइडपट्टीच्या बाहेर, आणि मागे पन्नास पावलांवर काहीतरी चमकणारं.

ओव्हरलोडचा दंड खरंच वीस हजार आहे?

कायद्यात हो. कलम १९४, २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक जादा टनामागे २,०००. आरसीत पाच टन माल लिहिलाय आणि काट्यावर नऊ भरला तर २८,०००, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, उतरवायचा खर्चही तुमचा. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे पुरावा आपणच देतो, कारखान्याच्या वजनकाट्याची पावती. त्यावर तारीख, वेळ, गाडी नंबर, टन, सगळं असतं. मुकादम म्हणतो जास्त भरा, खेपा वाचतात, आणि दंड आला की मुकादमाचा फोन लागत नाही.

एजंट लावावा का?

फॉर्म भरायला, अपॉइंटमेंट घ्यायला लावा, हरकत नाही. अर्ज आता वाहन पोर्टलवर होतात, ओटीपी येतो, तो तुमच्याच मोबाइलवर आला पाहिजे, एजंटच्या नाही. नाहीतर उद्या ट्रॉली विकायची म्हटलं की त्याच एजंटला शोधत फिरायचं.

वारीला किंवा लग्नाला ट्रॉलीतून माणसं नेली तर?

ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, आणि पॉलिसीतही ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा भार सहसा नसतो. दिंडीचं सामान, तंबू, भांडी, शिधा ट्रॉलीत आणि माणसं पायी किंवा बसने, असं नीट चालवणाऱ्या दिंड्या भरपूर आहेत. वऱ्हाडाचं मात्र कुणी ऐकत नाही, तिथे निदान ड्रायव्हर तरी न प्यालेला आणि रात्रीचा परतीचा प्रवास नको एवढं बघा. ऊसतोड कामगारांच्या बायका-पोरांना भरलेल्या उसावर बसवून फडातून अड्ड्यावर नेतात ते तर अजिबात नको, वरून वायर लागते, खालून खड्डा लागतो, आणि धरायला काहीच नसतं. एक खेप रिकाम्या पिकअपची करा, मुकादमाकडून तिचं भाडं आधीच ठरवून घ्या, उचल (आगाऊ रक्कम) देतानाच.